गिलावा

घर पाहावं बांधून, असं म्हणणाऱ्यानं
किती वेळा येऊन, ते सांगितलं नाही.
आम्ही अकरा ऑगस्ट बांधलं.
उरलेले महिने लियाँमध्ये:
आबीलियु परक्या इमारतींच्या सळया बांधत,
मी परक्या भिंती पुसत.
कुठला डाग कुठल्या साबणाला सुटतो
हे मी झोपेतही सांगेन.
आपली भिंत कधी रंगवावी
हे मात्र झेफेरिनुला विचारावं लागलं.

गिलावा त्यानं जुलैअखेर संपवला.
आम्ही एक तारखेला उतरलो,
वीस लिटरची बादली घेऊन.
दीड हजार किलोमीटर
सेलियानं ती पायांत धरली होती.
झाकणावर रंगाचं नाव: सोललेला बदाम.

झेफेरिनुनं बादलीकडे पाहिलंही नाही.
हाताची मागची बाजू भिंतीला लावली,
तापलेल्या पोराच्या कपाळाला लावतात तशी.
"ओली आहे."
"मला तर कोरडी दिसते," आबीलियु.
"दिसते."

दिवसाला एक मिलिमीटर, म्हणाला,
तोही उन्हाच्या दिवसाला.
मागे विटा आहेत, त्यांचं वेगळं पाणी,
आणि छत नसताना आत शिरलेला
अख्खा मागचा पावसाळी जानेवारी.
"आत्ता रंगवलीत तर ते सगळं कोंडेल.
मार्चमध्ये फोड येतील,
आणि मार्चमध्ये तुम्ही कुठे असता?
एक हिवाळा काढू द्या घराला.
जायचे ते तडे जाऊ द्या."

जाताना उत्तरेच्या भिंतीवर त्यानं
प्लास्टिकचा एक चौकोन डकवला,
चारही कडांना पट्टी.
सकाळी आतून थेंब धरले होते.
सेलिया ते बाहेरून पुसत राहिली.

तो महिना आम्ही राखाडीत जेवलो,
राखाडीत भांडलो.
गावच्या संताच्या जत्रेला पाहुणे आले,
खोल्या फिरून म्हणाले, छान होईल.
होईल.

पुढच्या ऑगस्टला चौकोन तसाच होता.
थेंब नाही. एक वाळलेला डास,
तो आत कसा गेला कोण जाणे.
आणि झेफेरिनु गावात नव्हता.
फेब्रुवारीतच गेला स्वित्झर्लंडला, त्याची बायको म्हणाली,
गिलाव्याच्याच कामाला.
तिथे हीटर लावून भिंती वाळवतात,
आठवड्यात रंगवून मोकळे.
"त्याला झोप येत नाही तिकडे," असंही म्हणाली,
आणि नंबर दिला.

"हात लाव," तो म्हणाला. "मागची बाजू."
"गार लागते."
"गार वेगळं, ओलं वेगळं.
उत्तरेची आहे ती, गारच राहणार. ठोक."

मी फोन गिलाव्याला टेकवला
आणि बोटाच्या पेरानं ठोकलं.
भिंतीला कान असतात म्हणे.
त्या दुपारी एका कानाला भिंत होती,
दोन देश ओलांडून.
"जरा वर. आता खिडकीच्या कोपऱ्यात.
तिथे तडा गेलाय ना?"
गेला होता, केसाएवढा.
"तेवढा बुजव. पहिला हात पातळ दे,
भरपूर पाणी घालून. तहानलेली असते ती.
मग रंगवा."

आबीलियुनं तोवर झाकण उचकटलं होतं.
वर्षभरात बदामावर जाड साय आली होती,
ती तो काठीनं बाजूला करत होता.

"ठेवू मग?" मी विचारलं.
पलीकडे ड्रिल चालू होतं,
कुणीतरी त्याच्यावर जर्मनमध्ये ओरडत होतं.
"थांब," तो म्हणाला.
"अजून एकदा ठोक.
नाही, कशासाठी असं नाही.
नुसतंच."